स्वतःचे कार्यक्रम करणारे लघुशक्ती दूरदर्शन केंद्र आपल्याकडे होते का?

गच्चीवरचा अँटेना (पुणे):
नमस्कार. एका दिवाळी अंकासाठी पुण्यातील दूरदर्शनच्या सुरुवातीच्या दिवसांवर लेख लिहीत आहे. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले आणि 1973 मध्ये सिंहगडावरून त्याचे सहक्षेपण होऊ लागले, त्यामुळे पेठांतल्या गच्च्यांवरचे सगळे अँटेना नैऋत्येकडे तोंड करून उभे असत. परंतु पुण्याला दिसत असे ते मुंबईचेच. पुढे गावोगावी लघुशक्ती प्रक्षेपक बसले, तेही दिल्लीचे कार्यक्रम पुढे पाठवणारेच होते. लहान परिसरापुरते चालणारे आणि त्या परिसरासाठीच कार्यक्रम बनवणारे केंद्र देशात कधी होते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

चरोतर:
होते. गुजरातमधील खेडा जिल्ह्यात, नडियादजवळच्या पीज या गावी. 1975 च्या ऑगस्टपासून वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-6 उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे 2400 खेड्यांत थेट कार्यक्रम दाखवण्याचा ‘साइट’ हा प्रयोग झाला, हे आपणास ठाऊक असेलच. त्या खेड्यांत कोंबड्यांच्या जाळीची दहा फुटी छत्री उभारावी लागत असे. खेडा जिल्ह्यात मात्र पीजला 1 किलोवॉटचा प्रक्षेपक बसवला होता, त्यामुळे साध्या अँटेनावर आणि साध्या संचावर कार्यक्रम दिसत.

‘साइट’ संपले तरी पीज चालू राहिले आणि खरी गोष्ट तिथून पुढची आहे. इस्रोच्या अहमदाबाद येथील केंद्रातली मंडळी हलके व्हिडिओ कॅमेरे घेऊन गावांत जात, लोकांशी बोलत आणि शेतमजुरांची मजुरी, जातिभेद, हुंडा, कुटुंबनियोजन अशा विषयांवर गुजराती कार्यक्रम तयार करत. सरकारी संच गावातल्या सार्वजनिक जागी ठेवलेले असत आणि संध्याकाळी तिथे गाव जमे. जाहिराती नव्हत्या. या कामाला 1984 मध्ये युनेस्कोचे ग्रामीण संज्ञापनाचे पारितोषिक मिळाले आणि लगेच पुढच्या वर्षी, म्हणजे 1985 मध्ये, प्रक्षेपक मद्रासच्या दुसऱ्या वाहिनीसाठी हलवण्यात आला. लोकांनी विरोध केला, पण उपयोग झाला नाही. पारितोषिकाची शाई वाळायच्या आत केंद्र उचलून नेण्याचा हा निर्णय मला आजही अनाकलनीय वाटतो.

मेगाहर्ट्झ:
वरील माहितीला तांत्रिक पुस्ती जोडतो. दूरदर्शनच्या परिभाषेत लघुशक्ती म्हणजे साधारणपणे 100 वॉट आणि उच्चशक्ती म्हणजे 10 किलोवॉट, त्यामुळे पीज या दोहोंच्या मधले ठरते, तरी अभ्यासक त्याला लघुशक्तीच म्हणतात. त्यातही नुसत्या वॉटांवरून आवाका कळत नाही, कारण या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. प्रक्षेपकाच्या अँटेनाची भोवतालच्या जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढून 4.12 ने गुणा, म्हणजे लहरींचे क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. 100 मीटर उंचीला सुमारे 41 किलोमीटर येतात, तर 700 मीटरला सुमारे 109. सिंहगड निवडण्यामागचे कारण यातून सहज लक्षात येईल. मात्र वाटेत डोंगर आला की गणित फसते आणि पडद्यावर मुंग्या येतात. पीजभोवतालचा चरोतर हा प्रदेश सपाट असल्याने पीजला तो त्रास नव्हता.

1982 च्या आशियाई खेळांच्या सुमारास आणि विशेषतः 1984 मध्ये लघुशक्ती प्रक्षेपकांची जी लाट आली, त्यांत स्टुडिओच नव्हता. उपग्रहावरून (1984 मध्ये इन्सॅट-1बी वरून) आलेला संकेत छत्रीने घ्यायचा आणि पुढे सोडायचा, एवढेच त्यांचे काम.

गच्चीवरचा अँटेना:
आपणा दोघांचेही आभार. म्हणजे फरक वॉटांचा नव्हता, कार्यक्रम करणारी माणसे हाताशी असण्याचा होता. खासगी संस्थांना अशी छोटी केंद्रे काढता आली असती का?

चरोतर:
नाही. अमेरिकेत 1982 पासून लघुशक्ती केंद्रांना स्वतंत्र परवाने मिळू लागले, परंतु आपल्याकडे मनोऱ्यावरून होणारे दूरचित्रवाणी प्रक्षेपण दूरदर्शनपुरतेच राहिले. हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये दिला, त्याचा लाभ पुढे सामुदायिक रेडिओला झाला, दूरचित्रवाणीला झाला नाही. स्थानिक बातम्या आणि गणपतीची मिरवणूक दाखवण्याचे काम आपल्याकडे केबलवाल्यांनी केले. आपल्या लेखात त्यांना पीजच्या शेजारी एखादा परिच्छेद अवश्य द्यावा, कारण परिसरापुरते प्रक्षेपण शहरी माणसाने पाहिले ते त्यांच्याच तारेवर.

मेगाहर्ट्झ:
लेखाचा शेवटचा टप्पाही नोंदवून ठेवा. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने उरलेले अॅनालॉग (जुन्या पद्धतीचे) प्रक्षेपक 2021 च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले आणि त्यासाठी 31 मार्च 2022 ही अखेरची मुदत ठेवली. मोक्याच्या ठिकाणचे सुमारे 50 तेवढे त्यातून वगळले होते.