गणपतराव आबा ११ वेळा आमदार, मग मंत्रीपद एवढं थोडं का?

जुळे_सोलापूरकर:
नमस्कार मंडळी, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय, सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांवर टिपण काढायचंय. ११ वेळा एकाच मतदारसंघातनं निवडून आले हे सगळीकडं मिळतं, पण ते मंत्री कधी होते आणि एवढा अनुभव असून थोडाच काळ का, हे कोणी नीट सांगेल का?

जुना_वाचक:
दोनदा होते. पहिल्यांदा १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात, ते सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झालं. मग थेट १९९९ ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात, पणन आणि रोजगार हमी खातं. २००२ ला रायगडात त्यांचा शेकाप (शेतकरी कामगार पक्ष) आणि राष्ट्रवादीचं फाटलं, शेकापनं पाठिंबा काढला आणि मंत्रीपदही गेलं. कारण सरळ आहे, माणूस शेवटपर्यंत शेकापमध्ये राहिला आणि शेकाप बहुतेक वेळा विरोधी बाकावर. १९६२ ला पहिल्यांदा आमदार, १९७२ ला पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले, १९९५ ला पुन्हा पडले, आणि २०१४ ला शेवटचं जिंकले. बरोबरचे कित्येक जण काँग्रेसमध्ये गेले, हे नाही गेले.

माणदेशी_पोरगा:
मी सांगोला तालुक्यातला, म्हणून जरा जास्त लिहितो. आमच्याकडं आबांचं मंत्रीपद कोणी फारसं काढतच नाही, पाण्याचं काढतात. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी आणि आबा मिळून १३ दुष्काळी तालुक्यांची पाणी संघर्ष परिषद चालवायचे, आटपाडीला लोक ट्रक भरभरून जायचे, टेंभू-म्हैसाळ उपसा सिंचन योजनांचं (नदीचं पाणी पंपानं वर उचलायचं) कृष्णेचं पाणी इकडं यावं म्हणून. वडील सांगतात, एसटीत आमदारांसाठी राखीव सीट असते ना, तिथं आबा बसले की शेजारचा माणूस लगेच विजेचा डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाल्याचं नाहीतर टँकर बंद झाल्याचं सांगायला लागायचा आणि आबा शांत ऐकून घ्यायचे, कुठल्या गावचा कोणाचा कोण ते विचारायचे. टिपणात हे नक्की घाल भावा, नुसत्या खात्यांची यादी लिहू नकोस.

पंढरपूर_रोड:
आबांबद्दल आदर पूर्ण आहे, पण एक बोलू का, सत्तेत जास्त काळ राहिले असते तर पाणी लवकर आलं नसतं का? आमच्या आज्जीचं आयुष्य घागरी वाहण्यात गेलं, तिला पक्षनिष्ठा काय कामाची.

माणदेशी_पोरगा:
तुमच्या आज्जीचं दुःख आमच्याही घरात आहे ओ. पण सत्तेतल्या आमदारांचे दुष्काळी तालुकेपण तेवढेच वर्षं कोरडे होते की, माण-खटाव बघा. उपसा सिंचनाला पैसा लागतो, पंपाचं लाईटबिल लागतं, ते मुंबईत मंजूर व्हायला रेटा लागतो, तो आबांनी विरोधात बसून लावला असं मला मनापासनं वाटतं.

जुळे_सोलापूरकर:
सगळ्यांचे आभार. टिपणात १९७८ आणि १९९९ दोन्ही घेतो आणि पाणी परिषदेला वेगळा परिच्छेद देतो. आबांच्या सांगोल्यातल्या सूतगिरणीबद्दल कोणाकडं माहिती असेल तर तीपण टाका.