मदत हवी आहे: कंबरेच्या दुखापतीसह पुढच्या रॅलीत गाडी चालवायची आहे

मातीचा_रस्ता:
नमस्कार. मी हौशी रॅली चालक असून राष्ट्रीय मालिकेतील काही फेऱ्यांमध्ये नियमितपणे भाग घेतो. मागच्या फेरीत एका चढावरून गाडी उडाली, चारही चाकांवर सपाट आपटली आणि तेव्हापासून कंबर धरली आहे. पुढची फेरी चिकमगळूरू परिसरात, कॉफीच्या मळ्यांमधल्या मातीच्या रस्त्यांवर आहे. प्रवेशशुल्क भरून झाले आहे, गाडी तयार आहे, आणि गुणतालिकेत मी अशा जागी आहे की ही फेरी सोडली तर वर्ष वाया गेल्यातच जमा. मला तीनच गोष्टी हव्या आहेत: सीटमध्ये काय बदल करावा, कंबरेचा पट्टा कोणता वापरावा आणि स्टेज (वेळ मोजला जाणारा टप्पा) सुरू होण्याआधी कोणती गोळी घ्यावी. अमेरिकेतील नॅसकार शर्यतींचा चालक डेनी हॅमलिन मणका मोडल्यानंतर त्याच हंगामात शर्यतीत उतरला होता आणि फॉर्म्युला वनच्या लुईस हॅमिल्टनने बाकूला पाठीच्या वेदनेसह पूर्ण शर्यत काढली होती, त्यामुळे हे अशक्य नाही हे मला ठाऊक आहे. "विश्रांती घ्या" हा सल्ला घरात रोज मिळतो, तो कृपया येथे देऊ नये.

पिट_लेन:
"कंबर धरली आहे" एवढ्यावरून कोणालाही काही सांगता येणार नाही. वेदना फक्त कंबरेत आहे की पायात उतरते? पायाला मुंग्या येतात का, टाचेवर किंवा चवड्यावर चालताना पाय लटका पडतो का? तपासणी कोणी केली आणि एक्स-रे काढला का? सीट कोणत्या मानकाची आहे आणि तिच्या लेबलवर उत्पादनाचे वर्ष कोणते आहे? यांपैकी निदान निम्म्या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय सीटबद्दल बोलणे म्हणजे अंधारात बाण मारणे होईल.

नाना_भोरकर:
इतक्या चौकशीची काही आवश्यकता नाही. माझ्या गाडीत मी बकेट सीटच्या बुडाशी मेमरी फोमची चांगली जाड गादी घातली आणि तेव्हापासून कंबरेची तक्रार कायमची गेली. तुम्हीही तीच घालावी. जितकी जाड गादी, तितका धक्का कमी, हे साधे गणित आहे.

कार्बन_फायबर:
नानांचा सल्ला चुकीचा आहेच, शिवाय तो धोकादायकही आहे. मऊ गादी धक्का शोषत नाही. आधी ती दबते, त्या अवधीत गाडीचे बूड वर येत असते आणि तुमचे शरीर अजून खाली जात असते, आणि मग गादी पूर्ण दबली की दोघांची टक्कर अधिक वेगाने होते. लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटवर मऊ गादी चालत नाही, ती याच कारणाने. वापरायचाच असेल तर ऊर्जा शोषणारा, हळू दबणारा आणि हळूच पूर्ववत होणारा घट्ट फोम वापरावा, तोही पातळ. एफआयएच्या (मोटारक्रीडेच्या जागतिक संघटनेच्या) नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त सीट आणि चालक यांच्यामध्ये ५० मिलिमीटरपेक्षा जाड गादी चालत नाही, त्यामुळे "चांगली जाड" गादी तांत्रिक तपासणीतच बाहेर काढायला लावतील. पिट_लेन यांनी सीटचे वर्ष विचारले त्यालाही अर्थ आहे, कारण ८८५५-१९९९ मानकाच्या सीटची मुदत पाच वर्षे असते आणि ८८६२-२००९ मानकाच्या सीटची दहा.

नाना_भोरकर:
मी स्वतःच्या अनुभवाचे सांगितले, विमानांचे नाही. माझी गाडी तपासणीतून दर वेळी विनाहरकत सुटली आहे.

कार्बन_फायबर:
तुमची गाडी ऑटोक्रॉसची आहे, नाना. तेथे उडी नसते.

सुलभा_ताई:
माझे यजमान रोज पुणे ते कोल्हापूर गाडी चालवतात, त्यांनाही असेच झाले होते. कटीबस्तीने पुष्कळ फरक पडला. घरी तीळतेल कोमट करून संध्याकाळी शेकले तरी आराम पडतो. दादा, तुम्हीही करून पाहा.

मातीचा_रस्ता:
सुलभाताई, धन्यवाद, परंतु ही महामार्गावरची गाडी नाही. पिट_लेन, वेदना पायात उतरत नाही, मुंग्याही नाहीत. सीट चालू मुदतीची आहे. माझा प्रश्न गोळीचा आणि पट्ट्याचाही होता, त्याबद्दल अजून कोणीच बोललेले नाही.

सेक्टर_तीन:
हॅमिल्टनचे उदाहरण येथे लागू पडत नाही, हे स्पष्ट करणे आवश्यक वाटते. २०२२ मध्ये ग्राउंड इफेक्टच्या नव्या नियमांमुळे गाड्या सरळ रस्त्यावर सतत उसळत होत्या. गाडीचा तळ रस्त्याच्या जितका जवळ तितका खालचा हवेचा खेच अधिक, पण फार जवळ गेल्यावर हवेचा प्रवाह तुटतो, गाडी वर येते, प्रवाह पुन्हा जुळतो आणि गाडी पुन्हा खाली खेचली जाते. बाकूच्या लांबलचक सरळ रस्त्यावर हे चक्र शर्यतभर चालले. हॅमिल्टन चौथा आला, कंबरेवर हात ठेवून मोठ्या कष्टाने गाडीतून उतरला, आणि संघप्रमुख टोटो वोल्फ यांनी रेडिओवर त्याची माफी मागितली. परंतु हाड मोडलेले नव्हते. पुढच्याच आठवड्यात मॉन्ट्रियलला तो तिसरा आला. शिवाय चालकांच्या पाठीचा प्रश्न "सहन करा" म्हणून सोडला गेला नाही. मॉन्ट्रियलच्या आधीच एफआयएने तांत्रिक निर्देश काढला, पुढे उभ्या दिशेतील हादऱ्यांवर मोजमापाची मर्यादा आली आणि २०२३ साठी तळाच्या कडा १५ मिलिमीटरने उचलायला लावल्या. तुमच्या बाबतीत एकच जबर आपट आहे. ती निराळ्या प्रकारची दुखापत असू शकते.

एपिड्युरल_अनुभवी:
गोळीने काम होत नाही. मला चकतीच्या त्रासात मणक्याजवळ स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले होते आणि काही दिवसांत मी हिंडूफिरू लागलो. शर्यतीच्या आदल्या दिवशी घेऊन टाका, म्हणजे प्रश्न मिटला.

सेक्टर_तीन:
असे अजिबात करू नये. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीप्रमाणे २०२२ पासून ग्लुकोकॉर्टिकॉइडची इंजेक्शने, मग ती कोठेही दिलेली असोत, स्पर्धेच्या काळात निषिद्ध आहेत, आणि मोटारक्रीडाही त्या नियमांत येते. औषध आणि देण्याची जागा यांनुसार ते शरीरातून जाण्याची मुदत तीन दिवसांपासून साठ दिवसांपर्यंत धरली जाते. ट्रॅमॅडॉलही १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धाकाळात निषिद्ध आहे, आणि आपल्याकडे कंबरदुखीला ते सर्रास लिहून दिले जाते. डायक्लोफेनॅकसारखी साधी वेदनाशामके निषिद्ध नाहीत, तरी नियम पाळला म्हणजे पाठ सुरक्षित झाली असे होत नाही.

ओव्हलप्रेमी:
मी बरीच वर्षे अमेरिकेत असून नॅसकार जवळून पाहत आलो आहे. हॅमलिनचे नाव आले आहे तर ती घटना अर्धवट सांगितली जाऊ नये, कारण "मणका मोडला तरी चालवली" हे वाक्य या धाग्यात जसे आले आहे तसे ते घडलेले नाही.

२४ मार्च २०१३ रोजी कॅलिफोर्नियातील फोंटाना येथे शेवटच्या फेरीत हॅमलिन आणि जोई लोगानो एकमेकांना भिडले. हॅमलिनची गाडी आतल्या बाजूच्या भिंतीवर समोरासमोर आदळली, आणि त्या भागात धक्का शोषणारा सेफर अडथळा बसवलेला नव्हता. कंबरेच्या पहिल्या मणक्याचे, म्हणजे एल१ चे, दबून अस्थिभंग झाल्याचे निदान झाले. त्यानंतर तो सलग चार शर्यती बाहेर होता. मार्टिन्सव्हिलला मार्क मार्टिनने आणि पुढच्या तीन ठिकाणी ब्रायन व्हिकर्सने त्याची ११ क्रमांकाची गाडी चालवली. ५ मेला टॅलाडेगा येथे हॅमलिन परतला हे खरे, परंतु नॅसकारमध्ये गुण शर्यत सुरू करणाऱ्या चालकाला मिळतात, म्हणून त्याने केवळ सुरुवात केली आणि पहिला पिवळा झेंडा (वेग कमी करण्याचा इशारा) पडताच गाडी व्हिकर्सच्या हवाली केली. घाईने आणि पाठ न वाकवता बाहेर पडता यावे म्हणून तो छतातल्या झडपेतून उतरला. पूर्ण शर्यत त्याने त्यानंतर डार्लिंग्टनला चालवली आणि तेथे तो दुसरा आला. एवढी वाट पाहूनही तो हंगाम त्याच्या हातून गेलाच, आणि विजय मिळाला तो थेट नोव्हेंबरमध्ये होमस्टेडच्या अखेरच्या शर्यतीत.

आपण सगळे डार्लिंग्टनचा दुसरा क्रमांक लक्षात ठेवतो आणि त्याआधी दुसऱ्यांनी चालवलेल्या चार शर्यती विसरतो. मातीचा_रस्ता, आपण एक्स-रे काढला आहे का, या प्रश्नाला आपण अद्याप उत्तर दिलेले नाही.

मातीचा_रस्ता:
एक्स-रे काढला आहे. अहवालात "एल१ मणक्याची उंची पुढच्या बाजूने किंचित कमी" असे लिहिले आहे. ज्यांनी काढला त्यांनी ते जुनेही असू शकेल असे सांगितले आणि पट्टा लावायला दिला. मी चालतो, जिने चढतो, गाडीही चालवतो. त्यामुळे हे सांगण्यासारखे वाटले नव्हते.

अस्थिचिकित्सक:
मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, परंतु फलकावरून निदान करणे योग्य नाही, म्हणून येथे फक्त तत्त्व सांगतो. गाडी सपाट आपटते तेव्हा बळ कण्याच्या रेषेत खालून वर जाते, आणि छातीचा ताठ भाग जेथे कंबरेच्या लवचिक भागाला मिळतो तेथे, म्हणजे बाराव्या छातीच्या आणि पहिल्या कंबरेच्या मणक्यात, ते सर्वाधिक एकवटते. उडीनंतर एल१ ची पुढची बाजू दबणे ही या यांत्रिकीची नेहमीची परिणती आहे. जुने की नवे, हे साध्या एक्स-रेवरून ठरत नाही. एमआरआयमध्ये मणक्याच्या आत सूज दिसली तर अस्थिभंग ताजा आहे. मणक्याची मागची भिंत शाबूत आहे का, हे सीटी स्कॅनमध्ये स्पष्ट होते, आणि हाड स्थिर की अस्थिर याचा निर्णय मुख्यतः त्यावर अवलंबून असतो. स्थिर अस्थिभंग भरून यायला सर्वसाधारणपणे दोन ते तीन महिने लागतात. त्या मुदतीत तशीच दुसरी आपट बसली तर हाडाचा तुकडा मज्जारज्जूच्या नलिकेत सरकण्याचा धोका असतो, आणि वेदनाशामक घेतलेले असेल तर पहिली सूचना तुम्हाला कळणारही नाही. आपण चालता-फिरता, यावरून काहीही सिद्ध होत नाही. असे पुष्कळ रुग्ण पायांनी चालत येतात.

पट्ट्याबद्दल आपण विचारले होते. जाड किंवा ताठ पट्टा घातल्यास हार्नेसचा (शर्यतीच्या सीटबेल्टचा) कंबरेवरचा भाग ओटीपोटाच्या हाडावरून सुटून पोटावर चढतो. समोरून धडक झाली तर शरीर त्या पट्ट्यावरून पुढे दुमडते आणि मणका मागून फाटतो. घरी आधार देणारा पट्टा हार्नेसखाली निराळा धोका उत्पन्न करतो, म्हणून गाडीत तो घालू नये. जांघेत बधिरता आली किंवा लघवीला अडू लागले, तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

नाना_भोरकर:
हॅन्स (हेल्मेटला जोडलेले मान सांभाळणारे उपकरण) घातला की मान आणि पाठ दोन्ही सांभाळली जातात ना?

अस्थिचिकित्सक:
हॅन्स डोके पुढे फेकले जाताना मान आणि कवटीचा तळ सांभाळतो. कंबरेच्या मणक्यावर खालून येणाऱ्या बळाशी त्याचा संबंध नाही.

धुळीतला_नॅव्हिगेटर:
डाकार या वाळवंटी रॅलीचे उदाहरण या प्रकरणाला अधिक जवळचे आहे. २०२३ मध्ये सहाव्या टप्प्यात स्टेफान पीटरहान्सेलची ऑडी वाळूच्या टेकडीवरून उतरताना आपटली आणि त्याचा सहचालक एडुआर्ड बूलांजे याच्या मणक्याला इजा झाली. दोघांनी माघार घेतली. त्यापुढे नवव्या टप्प्यात कार्लोस साइन्सची गाडी उलटली. त्याला हेलिकॉप्टरने नेले जात असताना त्याने परत गाडीकडे सोडण्यास सांगितले, कारण त्याला पुढे चालवायचे होते. गाडीच दुरुस्तीपलीकडे गेली म्हणून तो थांबला. नंतरच्या तपासणीत छातीच्या भागातले दोन मणके मोडल्याचे आढळले. चालकाला स्वतःच्या पाठीचा अंदाज किती कमी असतो हे यावरून दिसते. २०२४ ची डाकार त्यानेच जिंकली, वयाच्या ६१ व्या वर्षी.

आणखी एक गोष्ट कोणीच मांडली नाही. तुमच्या शेजारी बसणाऱ्याचा विचार करा. वेदनेमुळे तुम्ही खड्ड्याआधी आखडलात किंवा ब्रेकवर पाय अर्धा सेकंद उशिरा गेला, तर झाडावर तोही आपटणार आहे, आणि त्याला तर मान खाली घालून पेस नोट्स (पुढच्या वळणांच्या नोंदी) वाचायच्या असतात.

मातीचा_रस्ता:
एमआरआय उद्यासाठी ठरवला आहे. ताजा अस्थिभंग निघाला तर चालवणार नाही, एवढे येथे लिहून ठेवतो. मात्र मग दुसरा प्रश्न उभा राहतो. माझ्या नॅव्हिगेटरकडे (सहचालकाकडे) स्पर्धा परवाना आहे. तो चालक म्हणून बसू शकेल का, की प्रवेशिका आता बदलता येत नाही? शुल्क बुडू नये एवढीच इच्छा आहे.

पिट_लेन:
एफआयएच्या रॅली नियमांप्रमाणे जोडीतील एक सदस्य बदलता येतो: कागदपत्रांची प्रशासकीय तपासणी सुरू होण्याआधी आयोजकांच्या संमतीने, आणि ती सुरू झाल्यानंतर पण प्रारंभयादी प्रसिद्ध होण्याआधी स्टुअर्डांच्या (स्पर्धेच्या पंचांच्या) संमतीने. दोघांकडेही योग्य परवाना असेल तर जोडीतील कोणीही गाडी चालवू शकतो, परंतु तुम्ही शेजारच्या सीटवर बसलात तर एल१ ला बसणारा धक्का तोच राहील, त्यामुळे तुमच्या जागी दुसरा नॅव्हिगेटर शोधावा लागेल. राष्ट्रीय फेरीसाठी यात फरक असू शकतो, म्हणून त्या फेरीची पूरक नियमावली आजच उघडून बदलाचे आणि शुल्क परताव्याचे कलम पाहा. क्लार्क ऑफ द कोर्सना (स्पर्धा चालवणाऱ्या मुख्य अधिकाऱ्यांना) लेखी पत्र पाठवताना वैद्यकीय अहवाल जोडा. गुण चालकाच्या नावावर जमा होतात, ते तुम्हाला मिळणार नाहीत. नॅव्हिगेटर चालवणार असेल तर त्याच्या उंचीप्रमाणे सीट आणि हार्नेस पुन्हा बसवून घ्या, आणि खांद्याचे पट्टे रेकीच्या (रस्त्याच्या पाहणीच्या) आधीच तपासा.