‘लार्ज स्केल मॅप’ला मराठीत काय म्हणायचं? मोठ्या प्रमाणाचा नकाशा?

पायवाट
मंडळी, तीन दिवस एका शब्दावर अडकले आहे. बोरिवलीच्या आमच्या भटक्या गटासाठी नकाशावाचनाची एक बारा पानी पुस्तिका मराठीत करतेय. ‘लार्ज स्केल मॅप’ला मी ‘मोठ्या प्रमाणाचा नकाशा’ लिहिलं. मुद्रितं तपासणाऱ्या मैत्रिणीने ते खोडून ‘मोठ्या प्रदेशाचा’ केलं. अर्थ नेमका उलटा झाला! १:५,००० हा मोठ्या प्रमाणाचा. त्यात १ सेंमी म्हणजे ५० मीटर, एकेक चाळ वेगळी दिसते. १:१०,००,००० हा लहान प्रमाणाचा, त्यात १ सेंमी म्हणजे १० किमी. हे सांगितलं तर ती म्हणते, ‘लोक “मोठ्या प्रमाणावर पाऊस” वाचत आलेत, त्यांना भरपूर मुलूखच वाटणार.’ तिचंही चुकत नाही. काय लिहू?

परळचा मास्तर
बृहत्प्रमाण आणि लघुप्रमाण. पाठ्यपुस्तकात हेच आहेत. गोंधळ शब्दामुळे होत नाही, मुलं नुसत्या खालच्या आकड्याकडे बघतात म्हणून होतो. फळ्यावर १/५,००० आणि १/१०,००,००० असे अपूर्णांक मांडले की मोठं कोण ते लगेच कळतं. मी चर्चगेट-बोरिवलीचं उदाहरण घेतो. रुळांनी सुमारे ३४ किमी. १:५०,००० वर ते ६८ सेंमी होतं, बाकावर जेमतेम मावतं. १:१०,००,००० वर ३.४ सेंमी, खोडरबराएवढं. ज्यात बोरिवली लांब जाते ते प्रमाण मोठं.

गिरगावची वाडी
बृहत् वाचून सह्याद्रीत कोण वाट शोधणार? सरळ ‘सविस्तर नकाशा’ आणि ‘ढोबळ नकाशा’ लिहा.

परळचा मास्तर
सविस्तर म्हणजे तपशील भरलेला. मोठ्या प्रमाणाचा नकाशा कोराही असू शकतो. गुण आणि माप यांची गल्लत नको. लोकलच्या डब्यातला नकाशा घ्या. स्टेशनं सगळी आहेत, पण मरीन लाइन्स-चर्नी रोडमधलं अंतर आणि भाईंदर-नायगावमधलं अंतर सारखंच दिसतं. भाईंदर-नायगावमध्ये अख्खी वसईची खाडी आहे! त्याला प्रमाणच नाही.

गिरगावची वाडी
मग तो नकाशा नव्हेच. आराखडा म्हणा.

सातबारा
तीस वर्षं जमीनमोजणीत काढली. आमच्यात मोठं-लहान कोणी म्हणत नसे. ‘किती प्रमाणाचा?’ विचारायचं आणि आकडा सांगायचा. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, एक साखळी लांब-रुंद म्हणजे गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. आकडा पक्का असला की विशेषण लागत नाही.
पुस्तिकेत एक गोष्ट मात्र जरूर घाला. दोन भाऊ बांधाच्या वादात मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे जमिनीचा मोजणी नकाशा, घेऊन आले होते. थोरल्याकडे मूळ प्रत, धाकट्याकडे तिची लहान केलेली झेरॉक्स. दोघांनीही पट्टीने मोजलं आणि धाकट्याच्या हिशोबात जमीन घटली. तो रडायच्या बेताला आला होता. कागद लहान झाला तरी कोपऱ्यातलं अंकप्रमाण (१:५,००० सारखा आकडा) तेच छापलेलं राहतं, म्हणजे खोटं ठरतं. रेषाप्रमाण (नकाशावर आखलेली अंतराची पट्टी) कागदाबरोबरच आखडतं म्हणून खरं राहतं. फोनवर बोटांनी नकाशा मोठा करणाऱ्या मुलांना हे आधी शिकवा.

पायवाट
हे घालतेच. मनापासून आभार. पण शब्द?

मायबोलीचा पाईक
तुम्ही ‘प्रमाणा’वर भांडताय, ‘नकाशा’ हाच शब्द अरबी! मानचित्र म्हणा.

गिरगावची वाडी
मानचित्र हिंदीवाल्यांचं. आणि नकाशा परका असेल तर नक्षीही हाकला. दोघी एकाच ‘नक्श’च्या लेकी. माझी आजी दारात नक्षी काढायची, तिला कोणी परभाषी म्हटलेलं मला चालणार नाही.

मायबोलीचा पाईक
रुळलेल्याला माझा विरोध नाही. आळसाला आहे. भटके लोक सर्रास ‘कंटूर’ म्हणतात, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी) असताना.

कातळवाट
म्हणतो, कारण कड्याखाली उभं राहून ‘समोच्च’ ओरडता येत नाही. आणि गावात विचारा. पाणलोटाच्या कामामुळे ‘सलग समतल चर’ प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे, तो कंटूरवरच खणतात. म्हणजे ‘समपातळी रेषा’ लिहिलं तर मुरबाडच्या वाटाड्यालाही कळेल. रेषा दाट तिथे चढ उभा, विरळ तिथे पठार, आणि एकाच रेषेने गेलं की आडवी वाट. १:५०,००० च्या टोपोशीटवर (सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर) दोन रेषांत बहुधा २० मीटर असतात. जुन्या क्रमांकांत तुमची बोरिवली ४७ ए/१६ वर येते. गिरगाव मात्र खालच्या शीटवर, ४७ बी/१३. परळ-वरळीतून १९ अंशाचं अक्षवृत्त जातं, तिथेच कागद बदलतो.

परळचा मास्तर
माझी शाळा त्या अक्षवृत्तापासून हाकेच्या अंतरावर आहे. उद्याच वर्गात सांगतो!

पायवाट
समपातळी आवडला. जाता जाता विचारते, ‘कंपास’ ठेवू की होकायंत्र?

गिरगावची वाडी
कंपास म्हटलं की मला पत्र्याची कंपासपेटीच दिसते, कोनमापक, गुण्या, कर्कटक असलेली. होकायंत्रच ठेवा.

वेसावकर
आमचे आजोबा नुसतं ‘होका’ म्हणत. पितळी डबी होती, नावेत तांडेलाशिवाय कोणी हात लावायचा नाही. अरबीत हुक्का म्हणजे छोटी डबी, त्यावरून होका आला असावा असा माझा कयास आहे. दर्यावर अरबांशी संबंध होताच. म्हणजे गिरगावकरांची कंपासपेटी आणि आमचा होका, दोन्ही शेवटी डबीच.

मायबोलीचा पाईक
कयासावर व्युत्पत्ती उभी राहत नाही.

परळचा मास्तर
कोणताही शब्द ठेवा, पण होका चुंबकीय उत्तर दाखवतो आणि नकाशाच्या वरच्या बाजूला खरी, ध्रुवाकडची उत्तर असते, हे लिहा. मुंबईत हा फरक एक अंशाच्या आत आहे, इथे तो त्रास देत नाही. लोखंड आणि वीज मात्र सुई भरकटवतात. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. ट्राम विजेवर चालणार म्हटल्यावर १९०४ मध्ये त्या कामासाठी अलिबागला नवी वेधशाळा उभारली.

वेसावकर
म्हणूनच होक्याजवळ कोयता ठेवला की आजोबा ओरडायचे! आता उमगलं. खोली ते वावात सांगत. सागरी नकाशातले आकडे भरतीचे धरायचे की ओहोटीचे?

कातळवाट
अगदी तळाच्या ओहोटीचे, म्हणजे त्याहून कमी पाणी सहसा मिळत नाही. वाव म्हणजे नेमकं किती?

पायवाट
मैत्रीण आता म्हणतेय, ‘मोठ्या प्रमाणाचा (लहान प्रदेशाचा)’ असं लिहू. कंसाशिवाय काही सुचतंय का कोणाला?

वेसावकर
दोन्ही हात पसरले की एका हाताच्या बोटापासून दुसऱ्याच्या बोटापर्यंत, सुमारे सहा फूट. आजोबा हाडापेराने मोठे, ते दहा वाव सांगत तिथे बाबांच्या हाताने अकरा भरत. त्यांची खुणांची दोरी अजून माळ्यावर आहे. रविवारी काढतो, मोजतो आणि इथे लिहितो.