मदत हवी आहे: जिथे सूर्य मावळतच नाही तिथली तिथी कशी मोजू?

मंडळी, ट्रॅपिस्ट-१ई ग्रहावरची कथा लिहितेय आणि पहिल्याच पानावर अडकलेय. ग्रह सुमारे ४० प्रकाशवर्षं दूर, वर्ष जेमतेम ६.१ दिवसांचं. त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असावी असा अंदाज आहे, मी तो खराच धरलाय. माझं गाव उजेड-अंधाराच्या सीमेवर. लालसर सूर्य क्षितिजाला चिकटलेला, रांजणाचीही सावली अंगणभर.

आजी नातीला म्हणते, "तिन्हीसांजेच्या आत घरी ये गं." पण तिथे सदाचीच तिन्हीसांज!

बाहेरचा शेजारी ग्रह, एफ, साधारण दर १८ दिवसांनी काळोखाच्या बाजूच्या क्षितिजावर आपल्या चंद्राएवढा, पूर्ण उजळलेला दिसेल, असं माझं गणित. तीच पौर्णिमा मानू का? आणि झोपायची वेळ कशावरून ठरेल? (शेतीचं तर अजून मनातही आणलं नाहीये.) कुणी खगोलवाले आहेत का इथे?