मदत हवी आहे: 32 जीबीच्या लॅपटॉपवर लिनक्स कसं टाकू?
नमस्कार भाऊ लोक, मी दारव्हा तालुक्यातला, पोरीच्या बारावीसाठी सेकंडहँड हलका लॅपटॉप घेतला, इंटेल अ‍ॅटम, 2 जीबी रॅम अन् 32 जीबी ईएमएमसी (आतली साठवणीची चिप), आतल्या सिस्टीमनंच सारी जागा खाल्ली, अपडेटले काही उरलंच नाही म्हणून लिनक्स टाकायचं आहे. रुफस नावाच्या सॉफ्टवेअरनं लिनक्स मिंटच्या एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपवाल्या) आवृत्तीचा पेनड्राइव्ह बनवला, सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टीम सुरू होऊ न देणारी सेटिंग) बंद केलं, तरी बूट मेनूत दिसतच नाही. अशा मशीनचा प्रोसेसर 64 बिट पण यूईएफआय (मशीन सुरू होताना चालणारं आतलं सॉफ्टवेअर) 32 बिट असते म्हणतात, मंग 32 बिट यूईएफआयसाठीची बूट-आयए-32 वाली फाइल पेनड्राइव्हमध्ये टाकू का सरळ डेबियनच (दुसरं लिनक्स) घेऊ? वायफाय रिअलटेकचं आहे, गावात फक्त मोबाइलचा हॉटस्पॉट, त्यामुळे मोठी आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) घडीघडी उतरवणं जमत नाही. पोरीले फक्त पायथन अन् लिब्रेऑफिस लागते, 2 जीबीत एक्सएफसीई चालते का एलएक्सक्यूटी (दुसरा हलका डेस्कटॉप) बरं? कोणी केलं असेल तर नक्की सांगा, पोरगी रोज विचारते.