मदत हवी आहे : साताऱ्यात गाडीशिवाय कसं भागवता?

निळी_छत्री
नमस्कार. तातडीने सल्ला हवाय. मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याला राहायला आलोय. गाडी नाही आणि सध्या घ्यायचीही नाही, तेव्हा "गाडी घेऊन टाका" हा सल्ला कृपया नको. सकाळी रिक्षा मिळत नाही, मिळालीच तर तो म्हणेल तो आकडा. सिटी बसचा भरवसा नाही. आठवड्यातून तीनदा वेळेवर पोचावंच लागतं. काल पाऊण तास पावसात उभी होते, शेवटी अपॉइंटमेंट गेलीच. इथली माणसं गाडीशिवाय कसं भागवतात? परवा परत जायचंय, लवकर सांगा.

बोगद्यापलीकडे
कुठून? कुठे? किती वाजता? सातारा फार मोठं नाही, पण राजवाड्याशी राहणं वेगळं आणि वाढे फाट्याला राहणं वेगळं.

हिशेबनीस
"गाडी" म्हणजे दुचाकी की चारचाकी? आपल्याकडे "गाडी आहे का" विचारलं की माणूस स्कूटीची किल्ली दाखवतो.

सह्यकडा
ई-सायकल घ्या, विषय संपला. २५० वॅटच्या आतली आणि ताशी २५ किमीच्या आत वेग असलेली घेतली तर लायसन्स नको, पासिंग नको. मी समर्थ मंदिरापासून एमआयडीसीपर्यंत रोज जातो. चढाला मोटर, उताराला देवाचं नाव. लोक हौसेनं यवतेश्वरचा घाट पळत चढतात, तुम्हाला एवढं जमणार नाही?

टू_स्ट्रोक
जुलैमधी सायकल? आवो छत्री धरायची का हँडल?

सह्यकडा
रेनकोट नावाची वस्तू मिळते.

निळी_छत्री
चारचाकी म्हणायचं होतं. स्कूटी आहे माझ्याकडे. सायकल नको. प्रश्न फक्त सकाळचा आहे.

हिशेबनीस
स्कूटी आहे तर अडलंय कुठं?

निळी_छत्री
अहो माझ्यासाठी नाही, बाबांसाठी. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झालेत. स्कूटीवर मागे कसे बसतील? सोम-बुध-शुक्र सव्वाआठला फिजिओथेरपी असते, पोवई नाक्याजवळ. मला वाटलं लिहिलंय मी हे.

बोगद्यापलीकडे
नाही लिहिलंत. घर कुठे ते अजूनही नाही लिहिलंत.

निवृत्त_वाहक
बाबांचं वय काय? ७५ पूर्ण असतील तर एसटी मोफत आहे, ऑगस्ट २०२२ पासून. आधार कार्ड जवळ ठेवा.

कॅम्पवाली
काका, ती सवलत शहरी गाडीला चालत नाही ना? माझ्या सासऱ्यांना तिकीट काढावं लागलं होतं.

निवृत्त_वाहक
बरोबर आहे ताई, शहरी फेरीला नाही. पुण्याला जायचं तर फुकट, राजवाड्याला जायचं तर तिकीट. पण एक सांगतो, एवढी वर्षं दारात उभा राहिलोय म्हणून सांगतो. साध्या गाडीची पहिली पायरी फार उंच असते. दांडा धरून माणूस आधी हातानं स्वतःला ओढून घेतो, पाय मागनं येतो. नवा गुडघा असलेल्या माणसाला त्यात चढवू नका. मागनं कॉलेजची पोरं ढकलतात ते वेगळंच.

वॅगनवाला
ताई रागावू नका, पण जुनी वॅगन-आर बघा. सीट उंच, गुडघेवाल्यांना उत्तम. माझ्या मेव्हण्याकडे एक आहे, २०१७ चं मॉडेल, एकहाती.

हिशेबनीस
पहिल्या पोस्टमधलं तिसरं वाक्य वाचा. आणि महिन्याला बारा फेऱ्यांसाठी गाडी पोसायची? विमा, सर्व्हिसिंग, वर पार्किंगची मारामारी. नव्या गाडीला पाच लाखांचं कर्ज सात वर्षांसाठी काढलं तर हप्ताच आठ हजारांच्या आसपास बसतो.

वॅगनवाला
गाडी हिशेबासाठी नसते हो. रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर काय करणार?

हिशेबनीस
१०८ ला फोन करणार. मेव्हण्याला नाही.

मुठेकाठी
ॲपवरून कॅब बोलवा की. कशाला एवढा त्रास.

टू_स्ट्रोक
पुण्यातनं लिहिताय नव्हं?

निळी_छत्री
घर शाहूनगरला, वरच्या अंगाला. गोडोली नाक्यापर्यंत उतार आहे, पण बाबांना तो चालवत नाही. बाबा ७६ चे. वॅगन-आर नको. रिक्षावाला एका बाजूचे दीडशे मागतो, तेही मिळाला तर. फिजिओ घरी यायचे नाहीत, मशीन तिथेच आहे. आता सगळं सांगितलं.

सह्यकडा
शाहूनगरचा चढ असेल तर ई-सायकलच.

टू_स्ट्रोक
ह्यांना कुणीतरी गप करा.

कॅम्पवाली
ताई, सकाळी रिक्षा का मिळत नाही सांगू? सात ते साडेआठ सगळ्या रिक्षा शाळेच्या पोरांनी भरलेल्या असतात. स्टँडवर जी एखादी उरते ती दीडशे मागणारच. पण पावणेनऊला हीच माणसं मोकळी होतात आणि शाळा सुटेपर्यंत धंदा कमी. फिजिओची वेळ सव्वानऊ करून मिळते का बघा. आणि रोज नवी रिक्षा शोधू नका, महिन्याने लावा. शाळेला लावतो तशीच. तुमच्या गल्लीतून पोरं नेणारा कोणीतरी असेलच, त्यालाच विचारा. मी सासूबाईंच्या डोळ्यांच्या वेळी असंच केलं होतं.

बोगद्यापलीकडे
हे पटलं. शिवाय तोच माणूस रोज आला की त्याला पेशंट कळतो. नवा रिक्षावाला हँडल पकडूनच बसून राहतो.

जुना_साताकर
पूर्वी पोवई नाका चालत ओलांडता यायचा. आता ग्रेड सेपरेटर झाला, गाड्या खालून गेल्या, पण म्हाताऱ्यानं वरून रस्ता कसा ओलांडायचा ते कुणी सांगत नाही. टांगे होते तेव्हाचा सातारा

कॅम्पवाली
काका, तुमचं नावच चुकलंय, "सातारकर" हवं.

जुना_साताकर
घाईत नोंदणी केली. आता बदलता येत नाही.

मुठेकाठी
धागा निघालाच आहे तर, कंदी पेढे राजवाड्याजवळ चांगले की स्टँडजवळ? रविवारी येतोय.

टू_स्ट्रोक
ॲपवरनं मागवा.

निळी_छत्री
सांगायला आले. वेळ साडेनऊची करून मिळाली. मी उगाच धरून बसले होते की बदलणार नाही, त्यांनी एका फोनवर बदलली. खालच्या बिल्डिंगमधल्या मुलांना नेणारे काका तयार झाले. जाणं-येणं दोनशे, म्हणजे महिन्याचे साधारण चोवीसशे. आत गेल्यावर पाऊण तास ते स्टँडवर नंबर लावतात, मिस्ड कॉल दिला की येतात.

आज पहिला दिवस होता. काका सीटखालून एक लाकडी पाट काढून रिक्षाच्या बाजूला ठेवतात. बाबांनी आधी त्यावर बरा पाय ठेवला, मग दांडा धरून मागे सरकत बसले, ऑपरेशनचा पाय शेवटी सरळच आत घेतला. पाट कुणासाठी केलाय विचारलं तर म्हणाले, पहिलीच्या पोरांसाठी. बाबांना ते फारसं आवडलं नाही.

निवृत्त_वाहक
उतरताना उलटं. आधी दुखरा पाय खाली, मग बरा.

हिशेबनीस
ऑगस्टमध्ये शाळेला सुट्ट्या बऱ्याच आहेत. त्या दिवशी काका येणार का ते आत्ताच ठरवून घ्या. माझं त्यावरून भांडण झालंय.

निळी_छत्री
अरे देवा. हे विचारलंच नाही.

पायपीट
शाहूपुरीत असे कोणी काका आहेत का? आईला राजवाड्यापर्यंत न्यायचंय, मंगळवारी आणि शनिवारी.

बोगद्यापलीकडे
किती वाजता?