हेल्मेट बदलायचंय: आवाज कमी, चष्म्यावर बसणारं, पाच-सहा हजारांत काय घ्यावं?

सातारी_३५०

नमस्कार मंडळी, रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० आहे, पुढे उभी पारदर्शक विंडशील्ड लावलेली. नोकरी पुण्यात आणि घर साताऱ्यात त्यामुळे शनिवार-रविवार जाऊन येऊन असतं. हायवेला ८०-९० च्या वर जात नाही, तरी खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडून शिरवळचा सपाट रस्ता लागला की हेल्मेटमध्ये जो घोंघाट सुरू होतो तो कात्रजपर्यंत थांबत नाही, आणि घरी जेवायला बसलो तरी कानात शिट्टी वाजतच असते. बायको म्हणते टीव्हीचा आवाज किती वाढवलाय. दुसरा त्रास म्हणजे अर्ध्या तासात कपाळाच्या बरोबर मधोमध दुखायला लागतं, काढल्यावर तिथं लाल वळ दिसतो. आणि तरीही मान वळवली की हेल्मेट गालावर हलतं, म्हणजे घट्ट पण आणि ढिलं पण, हे कसं काय ते कळत नाही. आत्ताचं ऑनलाइन सेलमधलं आहे, कंपनीचं नाव घेत नाही. डोक्याचा घेर टेपने ५९ सेंमी आला. चष्मा कायम. बजेट पाच-सहा हजार, पण फरक खरंच पडणार असेल तर दहापर्यंत मन घट्ट करीन. शांत हेल्मेट कुठलं ते सांगा, आणि शक्यतो स्वतः वापरलेलंच सांगा.

काउंटरवाला_नाना_पेठ

दादा, नाव विचारायच्या आधी डोक्याचा आकार बघा. तुम्ही घेर मोजला ते बरोबर पण ५९ घेराचं डोकं गोल असू शकतं आणि लांबट पण असू शकतं. घरच्या कुणाला तरी वरून फोटो काढायला सांगा, केस चापून बसवून. कपाळापासून मागपर्यंतचं अंतर कानापासून कानापर्यंतच्या अंतरापेक्षा बरंच जास्त दिसत असेल तर डोकं लांबट. लांबट डोक्यावर गोल हेल्मेट घातलं की कपाळावर आणि मागे टोचतं आणि बाजूला मोकळं राहतं, तुमची तक्रार तंतोतंत हीच आहे. गोल डोक्याला उलटं होतं, कानाच्या वर कानशिलं दाबतात. यात साइझ वाढवून काही होत नाही, एक नंबर मोठं घेतलं तर कपाळ सुटेल पण मग हेल्मेट डोक्यावर गरगर फिरेल. मॉडेलच बदलावं लागतं.

साइझचं पण प्रत्येक कंपनीचं वेगळं. कुणाचं एल म्हणजे ५८, कुणाचं ५९-६०, त्यामुळे आतल्या स्टिकरवरचा सेंटीमीटरचा आकडा वाचा, नुसत्या एल-एक्सएलवर जाऊ नका. मी चार वर्षं काउंटरला होतो, गिऱ्हाईक घालतं, आरशात बघतं, दहा सेकंदात "बसलं" म्हणतं आणि काढतं. अहो निदान वीस मिनिटं घालून दुकानात हिंडा की, मालकाशी भाव करा, चहा मागवा (पिता येणार नाही ती गोष्ट वेगळी). पहिल्या पाच मिनिटांत सगळीच चांगली वाटतात. गाल दाबले गेले पाहिजेत, इतके की बोलताना आतून गाल दाताखाली येईल. गालाच्या गाद्या महिन्याभरात दबतात म्हणून नवीन असताना गालाला सैल असेल ते घेऊच नका. कपाळाला मात्र एका ठिकाणी बोचलं तर लगेच खाली ठेवा, तिथला फोम त्या मानाने पातळ असतो आणि त्याच्यामागे थेट थर्माकोल, ते काही सैल होणार नाही.

शेवटी पट्टा लावून मागची कड धरून पुढच्या बाजूला उलटवायचा प्रयत्न करा. निघालं तर अपघातात पण निघणार.

कानठळी

वरच्यांनी आकाराचं चांगलं सांगितलंय, मी आवाजाचं बोलतो कारण या विषयावर मी बऱ्यापैकी पैसे घालवलेत 😅

शांत हेल्मेट असं काही नसतं हे आधी मान्य करून टाका. हायवेच्या स्पीडला हेल्मेटच्या आत ९० डेसिबलच्या पुढे आवाज सहज जातो, १०० च्या आसपास पण जातो, मग ते दोन हजाराचं असो की पन्नास हजाराचं, महागड्यात थोडा कमी असतो पण "कमी" म्हणजे शांत नाही. अमेरिकेत कामगारांसाठी जी शिफारस आहे त्यात ८५ डेसिबल आठ तास चालतो आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, म्हणजे ९४ ला एक तास आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. आता सातारा ते पुणे किती वेळ लागतो ते तुम्हीच बघा. कानात शिट्टी वाजते म्हणताय ती हसण्यावारी नेऊ नका, रोजचीच व्हायला लागली तर कानाच्या डॉक्टरला दाखवा, गेलेलं ऐकू परत येत नाही.

आता तुमच्या केसमध्ये मला हेल्मेटपेक्षा विंडशील्डवर जास्त संशय आहे. उभ्या काचेच्या वरच्या कडेवरून वारा तुटतो आणि तो फाटलेला वारा बरोबर हेल्मेटवर येऊन आदळतो. टेस्ट सोपी आहे. रिकाम्या सरळ रस्त्यावर ७०-८० ला असताना सीटवरून जरा उंच व्हा म्हणजे डोकं स्वच्छ वाऱ्यात जाईल, आणि मग जरा खाली वाका म्हणजे डोकं काचेच्या आड जाईल. दोन्हीपैकी कुठेही आवाज एकदम कमी झाला तर दोष काचेच्या उंचीचा. मग नवीन हेल्मेट घेऊन पण तोच गोंगाट ऐकाल. काच थोडी मागे-पुढे कलती करून बघा, नाहीतर सरळ काढून एक फेरी मारा.

हेल्मेटमध्ये बघायचं म्हणजे वारा जास्त करून खालून शिरतो, हनुवटी आणि मानेकडून. मानेभोवतीची गादी जाड हवी, हनुवटीखाली कापडी पडदा हवा (काही कंपन्या सोबत देतात, नाहीतर वेगळा मिळतो). वरची काच बंद केल्यावर रबरावर चहूबाजूंनी घट्ट बसली पाहिजे, बोटाने दाबून खडखडते का बघा. वरती टोपीसारखा पीक असलेलं अॅडव्हेंचर हेल्मेट तुम्हाला नको, दिसायला भारी असतं पण तो पीक वाऱ्यात ओरडतो.

आणि खरा उपाय वीस रुपयांचा आहे. फोमचे इअरप्लग. कारखान्यात कामगार घालतात तेच, पाकिटावर साधारण २९ ते ३३ डेसिबल लिहिलेलं असतं. बोटांत वळून बारीक सुरळी करायची, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर ओढायचा, सुरळी आत सरकवायची आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायची. बरेच लोक नुसता कानाच्या तोंडाशी चिकटवतात आणि मग म्हणतात काही उपयोग नाही.

सातारी_३५०

दोघांचेही आभार. बायकोने वरून फोटो काढला, डोकं बऱ्यापैकी लांबट निघालं, तिच्या मते नारळासारखं. कानठळी भाऊ, इअरप्लगने हॉर्न ऐकू येणार नाही ना? मागून ट्रकवाला आला तर? आणि पोलिसाने इअरफोन समजून पकडलं तर काय सांगायचं?

कानठळी

हॉर्न येतो ऐकू. प्लग सगळंच खाली आणतो, पण हॉर्न मुळात इतका मोठा असतो की तरीही पोचतो, आणि वाऱ्याचा सततचा घोंगाट उतरल्यामुळे उलट तो वेगळा कळतो. मला तर इंजिनची टॅपेटची टिकटिक पहिल्यांदा नीट ऐकू आली ती प्लग घातल्यावर. शहरात कमी स्पीडला काढून टाका, तिथे गरज नाही. पोलिसाचं म्हणाल तर काढून हातावर ठेवायचा, ना वायर ना ब्लूटूथ.

चष्मिस_नाशिककर

चष्मेवाल्यांची वेगळीच जमात आहे, आमचं कुणी विचारत नाही. मी फ्लिप-अप वापरतो, म्हणजे हनुवटीचा भाग वर उचलतो तो प्रकार. चष्मा घातलेल्या तोंडानेच हेल्मेट घालता येतं, टोलनाक्यावर, पंपावर, रस्ता विचारायला तोंड उघडं करता येतं, सुख आहे. पण खरं सांगतो, फुलफेसपेक्षा (हनुवटीसकट अखंड असतं ते) जड असतं आणि जोड असल्यामुळे आवाज जास्तच. तुमची पहिली तक्रारच आवाजाची म्हणजे मी तुम्हाला हे सुचवणार नाही. घ्यायचंच झालं तर आतल्या युरोपियन लेबलवर पी/जे दोन्ही अक्षरं आहेत का बघा. पी म्हणजे हनुवटीचा भाग संरक्षणासाठी तपासलेला, नुसतं जे असेल तर तो भाग ओपन फेससारखाच (हनुवटी उघडी) धरायचा.

फुलफेसमध्ये चष्म्यासाठी गालाच्या गादीत कानाजवळ खाच असते काही मॉडेलमध्ये, ती विचारून घ्या. चष्म्याच्या काड्या सरळ आणि बारीक हव्यात, जाड वळणाच्या काड्या कानामागे अशा रुततात की देव आठवतो. दुकानात चष्मा घालूनच वीस मिनिटं काढा, लाजू नका. इअरप्लग आधी, मग हेल्मेट, मग चष्मा, हा क्रम.

पावसाळ्यात मात्र तुम्हाला दोन काचा पुसाव्या लागणार, हेल्मेटची आणि चष्म्याची. त्यामुळे वायझरला, म्हणजे हेल्मेटच्या काचेला, पिनलॉकची सोय आहे का (आतून दोन छोट्या पिना असतात त्यावर दुसरी पातळ शीट बसते) ते बघाच. ताम्हिणीत जुलैमध्ये ज्याने धुकं धरलेल्या काचेतून गाडी चालवलीय त्याला मी काय म्हणतो ते कळेल.

बेळगावी_कुंदा

व्हॅल्यूचं मी सांगतो, आमच्या गावचा धंदा आहे म्हणून थोडा अभिमान सहन करा, वेगा बेळगावची आणि अॅक्सर हा त्यांचाच वरचा ब्रँड. तसंच एसएमके स्टड्सचा आणि इग्नाइट स्टीलबर्डचा. साधारण हिशोब असा की साधं फुलफेस दीड-दोन हजारांत मिळतं, एसएमके, अॅक्सर, एमटी चार ते सातच्या पट्ट्यात, एलएस२ त्याच्या जरा वर सुरू होतं, एचजेसी आणखी वर, आणि शोएई-अराई म्हणजे बुलेटचा हप्ताच. भाव मॉडेलप्रमाणे आणि सेलप्रमाणे हलतात, आकड्यावर भांडू नका.

माझं मत, चार ते सात हा पट्टा सगळ्यात फायद्याचा. त्याच्या खाली आतलं कापड, गाद्या, वायझरची रबरं सगळं कामचलाऊ असतं. त्याच्या वर गेलात की वजन थोडं कमी होतं, कारण एबीएस प्लॅस्टिकऐवजी फायबर किंवा कॉम्पोझिट शेल येतं, वारा जरा नीट कापला जातो, पण प्रत्येक पुढच्या हजाराला मिळणारा फरक आटत जातो. दहा हजाराचं चुकीच्या आकाराचं घेण्यापेक्षा पाच हजाराचं बरोबर बसणारं घ्या आणि उरलेल्यात जादा वायझर आणि प्लगचा डबा. आणि घ्यायच्या आधी त्या मॉडेलचा वायझर आणि गालाच्या गाद्या सुट्ट्या मिळतात का ते विचारा. वर्षभरात वायझरवर चरे पडतातच, रात्री समोरच्याच्या लाइटने तारे दिसायला लागतात, आणि तेव्हा कळतं की मॉडेल बंद झालंय.

सर्टिफिकेटचं थोडक्यात. १ जून २०२१ पासून दुचाकीचं हेल्मेट आयएसआयशिवाय विकताच येत नाही, आयएस ४१५१ हा नंबर. रस्त्यावर खोटा स्टिकर मारलेली टोपी पण मिळते त्यामुळे शिक्क्याखालचा सीएम/एल (परवान्याचा) नंबर सरकारी बीआयएस केअर अॅपवर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. आयएसआयच्या जोडीला ईसीई (युरोपातलं) असेल तर उत्तम, त्यातही २२.०६ हे नवं, यात जुन्यापेक्षा जास्त जागी ठोकून बघतात आणि तिरकस धडकेत डोकं कसं गरगरतं ते पण मोजतात. ई च्या शेजारचा आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा, ९ म्हणजे स्पेन, ३ म्हणजे इटली. डीओटीचा (अमेरिकेतलं) नुसता स्टिकर बघून खूश होऊ नका, त्यात कंपनी स्वतःच स्वतःला पास करते.

पुणेरी_खवट

साताऱ्याचा माणूस पुण्यात येऊन हेल्मेट कुठलं घालू विचारतोय, इथे आम्ही हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढण्यात आयुष्य घालवलं. वहिनी मागे बसत असतील तर त्यांचं पण बघा, कायद्यात मागच्यालाही लागतं, नाहीतर दंडाचं चलन येतं आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. सहा हजार तुमच्या डोक्याला आणि आठशेची टोपी त्यांना असं करू नका, घरात विषय वाढेल.

विदर्भातला_उन्हाळा

सगळे वारा आत येऊ नये म्हणून धडपडतायत, नागपुरात मे महिन्यात येऊन बघा जी. जेवढं शांत हेल्मेट तेवढं आत उकडतं, हे कुणीच सांगून नाही राहिलं. वरचे व्हेंट (हवेची भोकं) मोठे असलेलं आणि ते हातमोजा घालून उघडता-बंद करता येणारं घ्या. मॅट काळा रंग सगळ्यांना आवडते, मी पांढरंच घेतो. आतलं कापड सुट्टं निघणारं हवं, घामाने वास मारते, साध्या शॅम्पूने धुवून सावलीत वाळवायचं, आतल्या थर्माकोलला पेट्रोल-थिनर काही लागू द्यायचं नाही.

सातारी_३५०

मंडळी, विंडशील्डची टेस्ट केली काल. जरा उंच झालो तर आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटला, खाली बसलो की परत धडधड. म्हणजे कानठळी भाऊंचा संशय खरा. काच काढून ठेवलीय, छातीवर वारा येतोय पण डोक्याला पुष्कळ बरं आहे. कपाळाचं दुखणं मात्र तसंच, त्यामुळे हेल्मेट बदलायचंच, शनिवारी नाना पेठेत जातोय, बायकोला घेऊन, तिचं पण बघतो. काउंटरवाले दादा, लांबट डोक्याला काय काय घालून बघू? आणि पट्ट्याला ते दोन कड्यांचं असतं ते बरं की खटक्याचं?

काउंटरवाला_नाना_पेठ

नावं मी सांगणार नाही, कारण एकाच कंपनीत एक मॉडेल गोल आणि दुसरं लांबट असतं, दुकानात पाच-सहा घालूनच बघा. जे कपाळाला बोचेल ते बाजूला, उरतील त्यांत भाव करा. दोन कड्यांचं साधं आणि भरवशाचं, बिघडण्यासारखं काही नाही त्यात. पण रोज शंभरदा काढ-घाल असेल तर दातेरी पट्टीचा खटका सोयीचा, कमी-जास्त करता येतो, फक्त हिवाळ्यात जॅकेटची कॉलर वाढली की परत घट्ट करायला विसरू नका. शनिवारी दुपारी गर्दी असते, अकराच्या आत या.